अल्पपरिचित स्की प्रदेश परदेशी पाहुण्यांपर्यंत कसा न्यावा? सल्ला हवा

दरीकाठ
नमस्कार मंडळी. एकाच दरीतली तीन छोटी स्की केंद्रं एकत्र येऊन परदेशी पाहुणे आणू पाहताहेत. बर्फ भरवशाचा, लिफ्टला (स्कीअरना डोंगरावर नेणाऱ्या दोरवाटांना) रांगा नाहीत, आंतरराष्ट्रीय विमानतळ अडीच तासांवर. बाहेर मात्र नाव कुणाला ठाऊक नाही आणि पैसा मोजका. सुरुवात कशापासून करावी: नवी वेबसाइट, पर्यटन प्रदर्शनं, की इन्फ्लुएन्सर?

हिमवाट
या तिन्हींच्या आधी देश ठरवा, आणि पहिले दोन हंगाम तो एकच ठेवा. पाच भाषांत पत्रकं छापली की पैसा विरघळतो.

निवडीसाठी दोन गोष्टी शेजारी मांडा: थेट विमानं कुठून येतात आणि तिथल्या शाळांना सुट्टी कधी असते. जपानच्या होक्काइदो बेटावरच्या निसेको या स्की केंद्रात ऑस्ट्रेलियन एवढे का दिसतात, याचं बरंचसं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. त्यांची उन्हाळी सुट्टी डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत, तिथे तेव्हाच भरपूर बर्फ पडतो, आणि सिडनीशी वेळेचा फरक फक्त दोन तासांचा. ब्रिटिश कुटुंबं फेब्रुवारीच्या मध्यावरच्या एका आठवड्यात एकदम निघतात. फ्रान्समध्ये तीन विभागांच्या सुट्ट्या पुढेमागे असल्याने मागणी फेब्रुवारी-मार्चभर पसरते. तुमच्या खोल्या कमी असतील तर पसरलेली मागणी जास्त सोयीची.

रोपवे_७
हिमवाट यांच्याशी सहमत. पण देश ठरला तरी माणूस पैसे भरताना अडखळतो, आणि ते आधी दुरुस्त करायला हवं. लिफ्ट पासच्या (लिफ्ट वापरण्याच्या तिकिटाच्या) फॉर्ममध्ये स्थानिक मोबाइल क्रमांक सक्तीचा असतो, ओटीपी त्याच क्रमांकावर जातो, परदेशी कार्ड नाकारलं जातं. मग जाहिरातीवर कितीही खर्च करा, पासविक्री तिथेच थांबते. त्या देशातल्या माणसाकडून, तिथल्याच कार्डाने, शेवटच्या पायरीपर्यंत एक खरी खरेदी करून घ्या.

तारीख 03/04 अशी लिहू नका. ब्रिटिश माणूस 3 एप्रिल वाचतो, अमेरिकन 4 मार्च. महिना अक्षरात लिहा.

उतार किती अवघड ते दाखवणाऱ्या रंगांचंही तसंच. युरोपात निळ्या आणि काळ्याच्या मध्ये लाल असतो, जपानमध्ये हिरवा-लाल-काळा, उत्तर अमेरिकेत लाल नसतोच. नकाशावर रंगासोबत सरासरी आणि कमाल उतार अंशांत द्या. ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भरता येणाऱ्या खुल्या नकाशावर लिफ्ट आणि उतार नीट भरा. फुकट आहे, आणि स्कीचे कित्येक नकाशे माहिती तिथूनच उचलतात.

तुषारकण
'अनोळखी स्वर्ग' छापाच्या जाहिराती कृपया नकोत. अनोळखी म्हटलं की अनुभवी स्कीअरच्या मनात लगेच प्रश्न येतात: अपघात झाला तर कोण येणार? हिमस्खलनाचा अंदाज कोण देतं? विमा चालेल का? त्यांची उत्तरं एका पानावर द्या: गस्त कुठपर्यंत, बचावाचा क्रमांक, हेलिकॉप्टर आहे की नाही, जवळचं हाड-शस्त्रक्रियेचं रुग्णालय किती मिनिटांवर, धोक्याची पातळी (1 ते 5) रोज किती वाजता लागते.

'हद्दीच्या आत' म्हणजे काय, हेही स्पष्ट लिहा. उत्तर अमेरिकेत केंद्राच्या हद्दीतला खुला भाग हिमस्खलनाचा धोका कमी करण्यासाठी सांभाळलेला असतो. आल्प्समध्ये पिस्ट (खुणा लावून तयार केलेला उतार) सोडली की जबाबदारी सहसा तुमची. पाहुणा आपल्या देशातली समजूत घेऊन येतो आणि दोरीखालून निघून जातो. हे पान जाहिरातीपेक्षाही आधी हवं, असं मी ठामपणे म्हणेन.

बर्फाचे आकडे वरच्या आणि खालच्या स्थानकाचे वेगळे द्या, रोज ठरलेल्या वेळी मोजलेले. जमिनीवर साठलेल्या बर्फाची जाडी आणि हंगामभरात पडलेला एकूण बर्फ यांची सरमिसळ केली, तर जाणकार बाकीच्या माहितीवरही विश्वास ठेवत नाहीत.

हिमवाट
भाड्याच्या सामानाबद्दल एक राहिलं. विमानाने येणारे बरेच जण बूट आपले आणतात, स्की भाड्याने घेतात. त्यांचे सोल आयएसओ 5355 (जुने अल्पाइन) असतील किंवा 23223 (ग्रिपवॉक, चालायला सोपे), आणि दुकानातली बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी पकड) फक्त पहिल्या प्रकाराची असली तर सकाळी नऊला काउंटरवर गोंधळ ठरलेला. आगाऊ फॉर्ममध्ये वजन, उंची, वय, स्कीतली पातळी, सोलची लांबी मिलिमीटरमध्ये आणि सोलचा प्रकार विचारा. हिमस्खलनात माणसाला वर ठेवायला फुगणाऱ्या एअरबॅगचं सिलिंडर विमान कंपनीच्या परवानगीने आणता येतं, पण वापरल्यावर ते भरून कुठे मिळेल तेही लिहा.

दरीकाठ
फार उपयोगी. टूर ऑपरेटरकडे जावं की खोली आणि पास एकत्र करून आपणच विकावं?

रोपवे_७
ऑपरेटरकडे जाणार असाल तर किमतीत 20 ते 30 टक्के कमिशन आधीच धरा आणि नेट रेट (कमिशन वजा करून उरणारा दर) द्या. ते देऊन तुम्हीच आपल्या साइटवर त्याहून स्वस्त विकलंत, तर ऑपरेटर पुढच्या वर्षी तुम्हाला आपल्या यादीतून काढतो. खोल्यांच्या अलॉटमेंटला (ऑपरेटरसाठी राखून ठेवलेल्या खोल्यांना) परतीची तारीख लिहून घ्या, म्हणजे न विकलेल्या खोल्या वेळेत हाती येतील.

स्वतः विकायचं आणि गिऱ्हाईक युरोपीय संघातलं, तर पॅकेज सहलींबद्दलचा 2015/2302 हा संघाचा निर्देश वाचा. खोलीसोबत पास दिला आणि पासचा वाटा एकूण किमतीच्या 25 टक्के किंवा जास्त असेल, तर ते पॅकेज धरलं जाऊ शकतं. मग दिवाळखोरीपासून संरक्षणाची हमी विकणाऱ्याने द्यायची. छोट्या संस्थेला हे झेपत नाही. परवाना असलेल्या ऑपरेटरकडून विकणं बरं.

तुषारकण
इन्फ्लुएन्सरऐवजी मी त्याच पैशात चार-पाच ऑपरेटरचे प्रॉडक्ट मॅनेजर आणि एखादा स्की-पत्रकार बोलावेन. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात नको, ते स्वतः कामात असतात. चार रात्री पुरेत. त्यातला एक दिवस वारा किंवा धुक्याने लिफ्ट बंद राहील असं धरून पर्याय हाताशी ठेवा. बंद दिवशी पाहुण्याचं काय करता, हे त्यांना पाहायचंच असतं.

दरीकाठ
आणि हे सगळं कधी?

रोपवे_७
पुढच्या हिवाळ्याचे दर या हंगामाच्या फेब्रुवारीत तयार हवेत. मार्चमध्ये बर्लिनचं आयटीबी हे पर्यटन प्रदर्शन असतं, तिथे ठरलेल्या भेटी घेऊनच जा, स्टॉल नसला तरी चालेल. नोव्हेंबरमधलं लंडनचं डब्ल्यूटीएम हे तसंच प्रदर्शन त्याच हिवाळ्यासाठी उशिराचं, त्यापुढच्यासाठी ठीक. आणि पहिल्या दिवसापासून तिकीट खिडकीवर देश आणि 'कुठून कळलं' हे दोन प्रश्न नोंदवायला लागा. मोजणी डोक्यांची नको, मुक्कामाच्या रात्रींची ठेवा, कारण एका दिवसासाठी वळून आलेली बस आणि सात रात्री राहणारं कुटुंब डोक्यांच्या यादीत सारखंच दिसतं.