जुन्या जीपच्या गिअरबॉक्समधून ऑइल गळतंय

प्रश्न (जळगाव): जुनी डिझेल जीप. गिअरबॉक्सचं मागचं ऑइल सील (शाफ्टभोवती ऑइल अडवणारी रबरी रिंग) बदललं, तरी महिन्याभरात पुन्हा गळती. गिअरबॉक्स उतरवावा लागेल का?

उत्तर (भुसावळ): भाऊ, आधी ब्रीदर (गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) बघा. आपल्याकडच्या धुळीत तो बुजतो. मग ऑइल तापलं की आत दाब वाढतो आणि नवं सीलही ऑइल सोडतं. काढून डिझेलने धुवा, हवा मारा.

उत्तर (धुळे): ब्रीदर बरोबर, पण योकवरही (सीलचा ओठ ज्यावर घासतो तो शाफ्टच्या टोकाचा भाग) नख फिरवा. खाच लागली तर सील कितीही बदला, गळणारच. योक बदला किंवा त्यावर स्लीव्ह (धातूची पातळ नळी) चढवा. बसवताना सीलच्या ओठाला ग्रीस लावा, कोरडं ठोकू नका. मागचं सील प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) काढून निघतं. क्लच हाउसिंगखालून (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं आवरण) गिअर ऑइल टपकत असेल तरच गिअरबॉक्स उतरवा.

उत्तर (भुसावळ): ऑइल लेव्हल प्लगच्या (गिअरबॉक्सच्या बाजूचं बूच) छिद्राच्या काठापर्यंतच भरा, गाडी सपाटीवर ठेवून.