एडिनबऱ्यातली जिलबी, शेणाचा पो वगैरे

लीथकर:
काल कुणीतरी एडिनबऱ्याच्या नव्या डब्ल्यू हॉटेलचा फोटो टाकून "गोऱ्यांच्या देशात सोनेरी शेणाचा पो" असं लिहिलं आणि खाली सगळ्यांचं ही ही ही. फोटो एकच, तोही कॅल्टन हिलवरून झूम करून. मी इथे नऊ वर्षं राहते, रोज बसमधून ते दिसतं, म्हणून लिहितेय. हसू मलाही आलं होतं. बारा मजली गोल इमारत, तिला ब्राँझ रंगाच्या स्टीलची पट्टी गुंडाळत नेलीय आणि वर टोक सोडून दिलंय, हलवाई जिलबी पाडताना शेवटी हात झटकतो ना तसं. इथल्या लोकांनीही त्याला गूच म्हटलं, मोठे डोळे चिकटवा म्हणून याचिका पण काढली. पण तिथे आधी काय होतं हे कुणी विचारलं का? सेंट जेम्स सेंटर, १९७० च्या दशकातलं राखाडी काँक्रीटचं शॉपिंग सेंटर, नुसतं धूड, आत शिरलं की तळघरात आल्यासारखं वाटायचं. आणि ते बांधायला जुन्या सेंट जेम्स स्क्वेअरमधली दगडी घरं पाडली होती. हे धूड पाडलं तेव्हा माझ्या ओळखीत कुणी टिपूस गाळलं नाही, आणि आता सगळ्यांना वारसा आठवतोय.

पेठेतली:
आधीचं वाईट होतं म्हणून आत्ताचं चांगलं, हे लॉजिक आमच्या सोसायटीच्या बिल्डरचं आहे. "वहिनी, जुन्या वाड्यात गळत होतंच की." हो, आता चौदाव्या मजल्यावर गळतंय, लिफ्ट बंद असते ते वेगळंच.
मी गेल्या मे महिन्यात तिथे जाऊन आलेय. जॉर्ज स्ट्रीटवर उभं राहून बघा. न्यू टाउनचा १७६७ चा आराखडा, रस्ता कसा दोरी लावून आखलेला, टोकाला मेल्व्हिलचा उंच स्मारकस्तंभ, आणि त्याच्या मागून ही तुमची जिलबी डोकं काढते. १९९५ पासून जागतिक वारसा आहे ते शहर. प्लॅनिंगच्या अधिकाऱ्यांनी नकोच म्हटलं होतं, नगरसेवकांनी २०१५ मध्ये तरी पास केलं. वाचताना एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

सिमेंटवाला:
चला, आता कुणीतरी "आयफेल टॉवरलाही आधी शिव्याच पडल्या होत्या" हे आणा म्हणजे धागा पूर्ण होईल.
वारसावाल्यांनी आधी कुलाब्यात जाऊन यावं. १९०३ च्या ताज हॉटेलला खेटून १९७३ चा टॉवर उभा आहे, त्याच्यासाठी ग्रीन्स हॉटेल पाडलं. आज फोटोत दोन्ही एकत्र येतात आणि कुणाचं काही अडत नाही. पन्नास वर्षं थांबा, जिलबीच्या पण फ्रिज मॅग्नेट निघतील.

पेठेतली:
माझं अडतं. मी फोटोत टॉवर कापते.

गिरणगावकर:
टॉवरचं सोडा, मूळ ताजच उलटं बांधलंय!! आर्किटेक्ट इंग्लंडला गेला, परत येऊन बघतो तर तोंड गावाकडे आणि पाठ समुद्राकडे, त्याने तिथूनच उडी मारली. तेव्हा हॉटेलवाल्यांच्या चुका नवीन नाहीत.

खिडकीतला:
अरे देवा. ही लोणकढी कधी मरणार? तोंड गावाकडे ठेवलं ते मुद्दाम, घोडागाड्या तिकडून यायच्या, आणि इमारतीच्या पंखांमधून समुद्राचं वारं खेळावं म्हणून. जुनं दार होतं तिथे आज पोहण्याचा तलाव आहे. गेटवे १९२४ चा, म्हणजे ताज बांधताना समोर मिरवायला काही नव्हतंच. आणि आर्किटेक्ट कुणी साहेब नव्हता. सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. वैद्य काम पूर्ण व्हायच्या आधीच वारले, उडीबिडी काही नाही, पुढचं चेंबर्स नावाच्या इंग्रजाने पुरं केलं. आपल्याच माणसाचं नाव आपण विसरायचं आणि वर त्याला मूर्ख ठरवायचं, याला काय म्हणावं?

गिरणगावकर:
ओ शहाणे, जपून. माझे वडील बावीस वर्षं गेटवेला टॅक्सी लावायचे, ही गोष्ट मी त्यांच्याकडून ऐकलीय. त्यांना खोटारडं म्हणताय का?

खिडकीतला:
वडिलांना नाही म्हणत, गोष्टीला म्हणतोय. टॅक्सीत ऐकलं म्हणजे इतिहास होत नाही.

गिरणगावकर:
आणि पुस्तकात वाचलं की होतो? पुस्तकवाले कधी उन्हात उभे राहिले होते का तिथे?

लीथकर:
मंडळी, माझं हॉटेल??

सिमेंटवाला:
तुमचं हॉटेल कुठे जात नाही. दुर्दैवाने, असं पेठेतली म्हणतील.

पेठेतली:
म्हणणारच. पण लीथकर, त्या काँक्रीटच्या धुडाचे जुने फोटो आत्ता शोधून बघितले. बरं, पो म्हणणार नाही, जिलबी म्हणते. शिळी. यापुढे एक पाऊल सरकणार नाही. आणि चौदाव्या मजल्याचं गळणं कुणी थांबवून दिलं तर "वा" पण म्हणेन.

खिडकीतला:
गिरणगावकर, आवाज चढला, सॉरी. वैद्यांचं नाव कुणालाच माहीत नसतं म्हणून डोकं फिरतं.

गिरणगावकर:
ठीक आहे हो. मलाही आजच कळलं. आमचे बाबा उडीपाशी आले की गाडी हळू करायचे, वर बोट दाखवायचे, पाव्हणे एकदम गप्प, आणि मग उतरताना सुट्टे परत मागायचे नाहीत. पण आर्किटेक्ट वैद्य होता हे कळलं असतं ना, तर बाबांनी त्याला उडी मारूच दिली नसती. चेंबर्सला ढकललं असतं.