माकड मेलं तर नमुना कुठे पाठवायचा? माणसांची आणि जनावरांची पीसीआर तपासणी एकाच छताखाली हवी का?

काजूबागवाला, सिंधुदुर्ग (धागा सुरू)

फेब्रुवारीतली गोष्ट. बोंडू नुकते पिकायला लागले होते. सकाळी बागेत गेलो तर कुंपणालगत एक माकड मरून पडलेलं. जवळ गेलो नाही, चार हातांवरून पाहिलं. कानाच्या मागे आणि पापण्यांच्या कडेला गोचिडी चिकटलेल्या होत्या, मोहरीच्या दाण्याएवढ्या. जनावराचं अंग थंड पडलं की त्या उतरतात आणि पातेऱ्यात, म्हणजे खाली पडलेल्या सुक्या पानांत शिरतात. त्याच पातेऱ्यात आमच्या बायका बिया वेचायला बसतात.

फोन केले. एकाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. माणसांच्या आजाराचं खातं वेगळं, रानटी जनावराचं वेगळं, पाळीव जनावराचं वेगळं. शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी माकड जाळलं आणि आजूबाजूला पावडर मारली. नमुना कोणीच घेतला नाही. ते माकडतापाने, म्हणजे गोचिडीतून पसरणाऱ्या विषाणूच्या तापाने मेलं की आणखी कशाने, हे आता कधीच कळणार नाही.

त्यानंतर बाराव्या दिवशी आमच्याकडे कामाला येणाऱ्या एका बाईला सणसणून ताप भरला. डोकं फुटेल असं दुखत होतं, पिंढऱ्या धरल्या होत्या. रक्त घेऊन पुढे पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा ती बरी होऊन घरी आलेली होती. पॉझिटिव्ह.

माझं म्हणणं सरळ आहे. माकडताप १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात सापडला. २०१५ मध्ये तो गोव्यात सत्तरीला आला, २०१६ मध्ये आमच्या दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात आणि पुढच्याच वर्षी बांद्याच्या परिसरात. त्याला माणूस, माकड आणि गुरंढोरं असा भेद नाही. तो कळत नाही तो आपल्या खात्यांना. करोनात जिल्ह्याजिल्ह्यात आरटी-पीसीआरची, म्हणजे विषाणूचं जनुकद्रव्य शोधणारी यंत्रं आली. त्याच यंत्रावर माणसाचं रक्त, माकडाचे अवयव आणि गुरांचे नमुने का तपासू नयेत? प्रत्येक जिल्ह्यात अशी एकत्र प्रयोगशाळा हवी, ही माझी मागणी. विरोध असेल तर मोकळेपणाने लिहा.

गोठ्यातला डॉक्टर

विरोध आहे, आणि मी पशुवैद्यक म्हणून लिहितोय.

२०२२ चा गुरांचा लम्पी आजार आठवा. सकाळी सहाला मोटारसायकल काढायची ती रात्री दहाला लावायची. गाय दारात उभी, अंगभर गाठी, मागच्या पायांवर सूज, दूध आटलेलं. तिथे मला पीसीआर कशाला हवी होती? पहिल्या एक-दोन जनावरांचे नमुने गेले, निदान पक्कं झालं, विषय संपला. त्यापुढे हवी होती ती शेळ्यांच्या देवीची लस, सुया आणि गाय धरायला दोन माणसं. एका गावात चाळीस-पन्नास जनावरं टोचायची आणि मी एकटा. बाजूच्या दवाखान्याचं पद रिकामं, त्याचाही भार माझ्यावर. त्या दिवसांत कोणी मला लाखोंचं यंत्र देऊ केलं असतं तर त्याऐवजी दोन माणसं मागितली असती.

आणि माकडाचं म्हणाल तर हा वन्यप्राणी आहे. वनखात्याचा माणूस आल्याशिवाय मी त्याला हात लावू शकत नाही. उन्हाळ्यात सहा-सात तासांत प्रेत फुगतं. या विषाणूचं जनुकद्रव्य आरएनएचं, म्हणजे आधीच नाजूक. सडलेल्या प्रेतातून घेतलेला नमुना निगेटिव्ह आला तर त्याचा अर्थ काय लावायचा? प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असो नाहीतर तुमच्या बागेच्या फाटकात, नमुनाच वेळेत निघाला नाही तर ती काय तपासणार?

काजूबागवाला

म्हणजे नमुना वेळेत निघत नाही हे तुम्हालाही मान्य आहे. मग तो का निघत नाही? मला वाटतं, तो गेला तरी उत्तर कधी येईल आणि कोणाला येईल हे घेणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून. उत्तर दुसऱ्या दिवशी हातात पडणार असेल तर माणूस घाई करेल.

लम्पीबद्दल तुमचं पटलं. तो आजार डोळ्यांना दिसतो, आणि माणसाला होत नाही. माकडताप पहिल्या चार दिवसांत दिसत कुठे? तो फ्लूसारखाच दिसतो.

ताप आणि थर्मामीटर

ग्रामीण रुग्णालयात अठरा वर्षं काढली आहेत. माझाही विरोध, पण कारण वेगळं.

पावसाळ्यात तापाचा रुग्ण येतो. डोळे लाल, अंगदुखी, लघवी कमी, भातलावणीचं काम करणारा. मी लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) विचार करून डॉक्सीसायक्लिन लगेच सुरू करतो. स्क्रब टायफसलाही तेच औषध चालतं. रिपोर्टची वाट पाहत बसलो तर मूत्रपिंड माझी वाट पाहणार नाही. उलट माकडतापावर खास औषधच नाही. सलाईन, प्लेटलेट्सवर लक्ष, रक्तस्राव होतोय का ते बघणं, आणि ताप उतरल्यावर आठ-दहा दिवसांनी तो डोक्यात उलटतोय का यावर नजर. पॉझिटिव्ह असो वा निगेटिव्ह, समोरच्या माणसासाठी माझ्या हातात फार काही बदलत नाही.

दुसरी गोष्ट, पीसीआरला तारखेचं भान लागतं. लेप्टोचे जंतू रक्तात पहिल्या आठवड्यात सापडतात, नंतर नाही. माकडतापातही पहिले दिवस पीसीआरचे, आणि साधारण पाचव्या-सहाव्या दिवसापासून आयजीएम अँटिबॉडीची, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांची तपासणी कामाला येऊ लागते. आमच्याकडे माणूस येतो कधी? गावात इंजेक्शन घेऊन, मग अंगारा लावून, मग आठव्या-नवव्या दिवशी. तेव्हा पीसीआर निगेटिव्ह येते आणि नातेवाईक म्हणतात, काही नाही, निगेटिव्ह आहे, घरी नेतो. असा एक तरुण मी गमावला आहे. त्या कागदावरचा 'निगेटिव्ह' हा शब्द त्याच्या वडिलांनी मला बोट ठेवून दाखवला होता. म्हणून सांगतो, तपासणी वाढवताना तिचा अर्थ समजावणारा माणूसही वाढवा.

टीबीचंही तेच. जनुकीय तपासणी दोन तासांत जंतू आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाचा प्रतिरोध दोन्ही सांगते, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. पण उपचार संपल्यावर तीच करून बघितली तर मेलेल्या जंतूंचा डीएनए दाखवून ती पॉझिटिव्ह येऊ शकते. तिला जिवंत-मेलेलं कळत नाही.

बांद्याकडचो

डॉक्टरांक काय बदलणा नाय असा वाटता, पण आमका बदलता. माकडताप म्हणून कळला तर दुसऱ्या दिवशी घरातली कोणच त्या बागेत जाणा नाय. नाय कळला तर सगळी जातत. आमच्या घरात एकापाठोपाठ तिघांक ताप इलो होतो. पयल्याचो रिपोर्ट येळार इलो असतो तर मागचे दोघे वाचले असते.

पिपेट

वरचा प्रतिसाद मला या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तपासणी एका रुग्णासाठी नसते, त्याच्या पुढच्या माणसासाठी असते. माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही, म्हणजे प्रत्येक नव्या रुग्णामागे एक जागा असते. ती जागा शोधायची असते.

मी रेण्वीय तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. मूळ मागणीला माझा पाठिंबा आहे, पण आतून काय दिसतं ते सांगते.

पीसीआर म्हणजे प्रत वाढवणं. एकाचे दोन, दोनाचे चार. तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे शंभर कोटींवर तुकडे होतात. ही तिची ताकद, आणि घातही तोच. नळीचं झाकण निष्काळजीपणे उघडलं, हवेत एक अदृश्य तुषार उडाला, की पुढचा आठवडाभर साधं पाणीसुद्धा पॉझिटिव्ह येतं. आमच्याकडे एकदा असं झालं होतं. निगेटिव्ह कंट्रोलची, म्हणजे ज्या नळीत मुद्दाम नमुना घालत नाहीत तिची रेघ अडतिसाव्या फेरीला हळूच वर चढली. मी ती स्क्रीनवर बघत होते आणि पोटात गोळा आला. त्या दिवसाचे सगळे रिपोर्ट थांबवले. टेबलं ब्लीचने पुसली, टिपांची खोकी फेकली, रसायनांचं नवं मिश्रण काढलं. तीन दिवस गेले. आता माकडाच्या यकृताचा तुकडा घ्या. त्यात विषाणू भरपूर असू शकतो. तो आणि नवव्या दिवशीच्या रुग्णाचं रक्त एकाच टेबलावर हाताळलं तर काय होईल सांगायला नको. म्हणून छत एक असलं तरी खोल्या वेगळ्या लागतात आणि कामाची दिशा एकच लागते, स्वच्छ खोलीकडून नमुन्याच्या खोलीकडे, परत नाही. शिवाय जिवंत विषाणूचा नमुना कुठेही उघडता येत नाही. तो आधी सुरक्षित कपाटात निष्क्रिय करावा लागतो. पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) जी वरच्या दर्जाची सोय आहे ती प्रत्येक जिल्ह्यात होणार नाही, आणि होऊही नये.

पण 'माणसाचं इथे, जनावराचं तिथे' ही भिंत पाडता येत नाही असं कोणी म्हणू नये. २०२० मध्ये नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेने माणसांचे करोनाचे नमुने तपासले. यंत्रं तीच आणि तपासणारे हातही जनावरांच्या रोगांवर तयार झालेले. संकटात जमलं ते एरवी का जमू नये?

आणखी एक. मोठ्या यंत्रात एका वेळी ९६ खड्डे असतात. दोन नमुने आले तर तपासणीचं किट वाया जाईल म्हणून आम्ही थांबतो, आणखी येऊ देतो. तुमचा रिपोर्ट उशिरा येतो त्याचं एक कारण हे आहे, आळस नव्हे. लहान जागेसाठी गोव्यात तयार होणारं ट्रूनॅटसारखं बॅटरीवरचं यंत्र बरं. एक नमुना, एक चिप, तासाभरात उत्तर. टीबीसाठी ते खेडोपाडी पोचलेलं आहेच.

सह्याद्रीचा वाटसरू

सगळे यंत्रावर बोलताहेत. १९५७ मध्ये कुठली पीसीआर होती? जंगलात माकडं मरताहेत हे आधी गावकऱ्यांनी पाहिलं. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राची माणसं तिथे जाऊन राहिली. सुरुवातीला पीतज्वर तर नाही ना, अशी धास्ती होती, कारण तो आशियात कधी आलेला नव्हता. उंदरांच्या दूधपित्या पिल्लांच्या मेंदूत नमुना टोचून, ती आजारी पडण्याची वाट बघत त्यांनी नवा विषाणू ओळखला आणि तो गोचिडीतून येतो हेही शोधलं. वेळ लागला, पण त्यांनी माणूस, माकड, पक्षी, उंदीर, गोचीड हे सगळं एका वहीत लिहिलं. आज यंत्रं आहेत आणि वह्या तीन आहेत. काजूबागवाल्यांच्या माकडाची नोंद एका वहीत, त्या बाईची दुसऱ्या, आणि त्या दोन वह्या कधी भेटणारच नाहीत. माझा विरोध नव्या इमारतीला आहे. २०२२ च्या डिसेंबरात नागपूरला माणसांचं आणि जनावरांचं आरोग्य एकत्र बघणाऱ्या राष्ट्रीय 'वन हेल्थ' (एक आरोग्य) संस्थेची पायाभरणी झाली, चांगलंच आहे. पण दोडामार्गचा आरोग्यसेवक आणि वनरक्षक एकमेकांचा फोन नंबर बाळगून आहेत का, हे मला आधी विचारावंसं वाटतं.

ताप आणि थर्मामीटर

बांद्याकडच्यांचं वाचून थोडा वेळ गप्प बसलो. समोरच्या रुग्णापलीकडे बघायला हवं, मान्य. पण माझं मूळ म्हणणं मागे घेत नाही. तपासणीसोबत आजाराचा कितवा दिवस आहे हे फॉर्मवर लिहिलेलं नसेल तर तो फॉर्म प्रयोगशाळेने परत पाठवावा. आणि पाचव्या दिवसानंतरच्या रक्तावर पीसीआर आणि आयजीएम दोन्ही व्हाव्यात. नुसता 'निगेटिव्ह' छापून देऊ नये.

काजूबागवाला

तिघांचंही पटतंय, म्हणून मागणी बदलतो. प्रत्येक जिल्ह्यात नवी एकत्र प्रयोगशाळा, हे मागे घेतो. हवं ते असं: आहे त्या यंत्राजवळ जनावरांच्या नमुन्यांसाठी वेगळी खोली, तालुक्याला एक चिपचं यंत्र, आणि माकडाचा रिपोर्ट व माणसाचा रिपोर्ट एकाच कागदावर गावाच्या नावाने. पण गोठ्यातल्या डॉक्टरांचा प्रश्न उरतोच. माकड सडायच्या आत नमुना कोण काढणार?

गोठ्यातला डॉक्टर

माकडाची वाटच का बघायची? माकड मरतं तेव्हा उशीर झालेला असतो, आणि दर वेळी माणसांच्या आधी माकड मरेलच असंही नाही. गोचिडी तर बागेत रोजच असतात. त्या गोळा करून एकत्र कुटून पीसीआर केली की त्या जागेत विषाणू आहे का ते कळतं. वनखात्याची परवानगी नको आणि सडण्याची भीती नको. एवढ्यासाठी मी यंत्राच्या बाजूने उभा राहीन, कारण गोचिडीकडे बघून तिच्यात विषाणू आहे की नाही हे मलाही सांगता येत नाही.

बिया वेचणं सुरू व्हायच्या आत, डिसेंबर-जानेवारीतच करायला हवं. तुमच्या बागेपासून सुरू करू, मी येतो. पांढरं फ्लॅनेलचं मीटरभर फडकं काठीला बांधून ठेवा, गुळगुळीत कापड नको, त्याला गोचीड नीट चिकटत नाही. दव वाळल्यावरच निघायचं, ओल्या फडक्यावर काही मिळत नाही. पायात गमबूट आणि पँट मोज्यांत खोचलेली. फडकं पातेऱ्यावरून सावकाश ओढायचं, दर दहा पावलांवर उलटून बघायचं. चिमट्याने उचलून कुपीत टाकायचं, कुपीवर जागा आणि तारीख. तिथून पुढे पिपेटबाईंचं काम.

पिपेट

कुपी कोरडी ठेवू नका. मी कोल्ड बॉक्स आणि कुप्या पाठवायची सोय बघते. किती लागतील?