डच फुलचित्रांत किडकी पानं कशाला?

मृण्मयी
नमस्कार मंडळी. सध्या मुक्काम द हेगला. काल मॉरित्सहाउस संग्रहालयात आंब्रोसियस बॉसखार्टचं १६१८च्या सुमाराचं चित्र पाहिलं. खिडकीत काचेच्या पेल्यात भरगच्च गुच्छ, कठड्यावर दूरदेशीचे शिंपले आणि पानांना चक्क अळीनं खाल्लेली भोकं! इतका नाजूक हात असलेल्या माणसानं किडकी पानं का रंगवावीत? सोबतचा मित्र म्हणाला, प्रत्येक फुलाचा अर्थ ठरलेला असतो, ट्यूलिप म्हणजे हाव. खरंय का हे?

निळासावळा
हावेचा अर्थ आला तो ट्यूलिपच्या कंदांवरच्या सट्ट्यावरून, आणि तो बाजार कोसळला फेब्रुवारी १६३७ मध्ये. बॉसखार्ट १६२१ मध्येच वारला. त्यामुळे त्याच्या ट्यूलिपवर 'हाव' चिकटवणं पटत नाही. तेव्हा ते नवलाईचं, महागडं फूल होतं, एवढंच. आणि ज्या पट्टेरी पाकळ्यांसाठी लोक वेडे झाले, ते पट्टे विषाणूमुळे पडायचे. तो विषाणू पसरवते मावा नावाची बारीक कीड.

रंगरेषा
मृण्मयी, प्रश्न फार आवडला. मी जलरंगात फुलंच रंगवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फूल समोर ठेवून रंगवणं म्हणजे घड्याळाशी झगडा. सकाळी उमललेली जास्वंद संध्याकाळी मिटते. पाकळीच्या कडेचा रंग आधी जांभळट होतो, मग ती आतल्या आत वळते. सकाळी घेतलेली रेषा दुपारी खोटी ठरते. म्हणून हे डच चित्रकार एकेका फुलाचे अभ्यास आधी करून ठेवत आणि गुच्छ कॅनव्हासवरच बांधत. अठराव्या शतकातला फुलचित्रकार यान फान हाउसम तर खऱ्या फुलासाठी थांबायचा. पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून चित्र अडलंय, असं त्यानं १७४२ मध्ये गिऱ्हाइकाला कळवलं होतं.

आता भोकांबद्दल. गवत सुकतं, फूल कोमेजतं, हे बायबलमधल्या यशयाचं वचन त्या काळच्या प्रेक्षकाला पाठ असे. नश्वरता तो आपसूक वाचायचा. पण सगळं त्यावरच ढकलू नये. डच फुलचित्रकार राखेल रॉइश हिचे वडील शरीरशास्त्रज्ञ आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. जतन केलेले नमुने बघतच ती वाढली. तिचा किडा हा उपदेश असेल, पण त्याआधी तो नीट निरखलेला किडा आहे. दहा मुलं झाली तरी तिनं ब्रश सोडला नाही आणि १७४७च्या चित्रावर सहीसोबत आपलं वय लिहिलं: ८३. नश्वरतेचा इतका विचार करणाऱ्या चित्रप्रकारात मला हा आकडा फार मोलाचा वाटतो.

फुलांचा शब्दकोश घेऊन चित्र वाचायला माझा ठाम विरोध आहे. लिली म्हणजे येशूच्या आईचं, मेरीचं फूल वगैरे संकेत होतेच, पण तीस फुलांच्या गुच्छात प्रत्येकाला अर्थ चिकटवला की चित्र बघायचंच राहून जातं.

मृण्मयी
किती छान लिहिलंत ताई! पुढच्या आठवड्यात ॲमस्टरडॅमला जातेय. काय बघू?

रंगरेषा
राइक्सम्यूझियममध्ये रॉइश आहे, तिच्यापासून सुरुवात कर. चित्रातल्या फुलांची वहीत यादी कर आणि पुढे महिना लिही. ट्यूलिप एप्रिल-मेचं, गुलाब जूनचा, असं. एकाच पेल्यात किती ऋतू कोंबलेत ते कळेल. आणि पानं-पाकळ्याही नीट निरखून बघ, किडे तिथे लपलेले असतात. जमलं तर यादी इथे टाक.