हरू नकोस ना! चाळिशीनंतर हात धरणारी जपानी गाणी : तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ता (तोक्यो, वय ५१)

परवा सकाळी नेहमीसारखी निशी-कसाईहून तोझाई लाइन पकडली. अराकावा नदीचा पूल संपला की गाडी जमिनीखाली शिरते आणि खिडकीत नदीऐवजी आपलंच तोंड दिसायला लागतं. कानात एलेफांट काशिमाशी या जपानी रॉक बँडचं ‘ओरेताची नो आशिता’ चालू होतं. ‘आपला उद्या’ म्हणा हवं तर. २००७ चं गाणं. गाणारा जुन्या दोस्ताला विचारतो, कसं चाललंय तुझं? मग वयं मोजत येतो. आधी जगाला शिव्या, मग नुसतंच भटकणं, मग कुणासाठी तरी जगायचं असतं हे कळणं. ही हजेरी तिशीपर्यंतच जाते, पुढचं ज्यानं त्यानं भरायचं. मी भरायला गेलो आणि उतरायचं स्टेशन चुकलं.

हे गाणं हळदीच्या पेयाच्या जाहिरातीत वाजायचं. ऑफिसची मंडळी दारू प्यायच्या आधी ती बाटली घेतात. (हळद! आपण ती बिचारी दुधातच घालत बसलो.)

अशा गाण्यांना इथं ‘ओएन सोंगु’ म्हणतात. ओएन म्हणजे मैदानाबाहेरून ओरडून धीर देणं. तर लिहा. गाण्याचं भाषांतर नको, त्यानं तुमचं काय केलं ते सांगा.

पुणे, वय ४७

माझं गाणं व्याकरणातून आलं. वर्गात सगळी विशीतली मुलं, मी एकटी काकू. ‘नाइदे कुदासाइ’ (कृपया करू नका) शिकवलं तेव्हा सगळी उदाहरणं पाटीवरची : इथे सिगारेट ओढू नका, इथे गाडी लावू नका. पुढे डिसेंबरात जपानी भाषेच्या एन-फोर परीक्षेला बसले. पास व्हायला १८० पैकी ९० लागतात, मला ८६. घरी कुणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं.

सेन्सेईंनी (आमच्या बाईंनी नाही तर सरांनी म्हणा) वर्गात झार्ड या बँडचं ‘माकेनाइदे’ लावलं. १९९३ च्या जानेवारीत आलेलं, जपानमध्ये पोराटोरांनाही पाठ असतं. उन्हाळ्यात टीव्हीवर चोवीस तासांचा मदतनिधीचा कार्यक्रम असतो, त्यात धावणारा शेवटच्या टप्प्यात आला की सगळे मिळून हेच म्हणतात. मला मात्र तेव्हा एकच गोष्ट ऐकू आली : यात ‘कुदासाइ’ नाही! म्हणजे ‘कृपया हरू नका’ अशी पाटी नाही. आई दारातून म्हणेल तसं, ‘हरू नकोस ना’. सहा महिने शिकलेला नियम त्या दिवशी कळला.

हे शब्द साकाइ इझुमीचे, गायलंयही तिनंच. २००७ मध्ये गेली, चाळिशीची होती. आता मी तिच्याहून मोठी झाले. जुलैत पुन्हा बसणार आहे.

तोक्यो, आयटीवाला, वय ४३

आमच्याकडे एक साहेब होते, छप्पन्न वर्षांचे. एक प्रोजेक्ट फसलं आणि त्यांना खिडकीजवळचं टेबल दिलं. नाव कायम, पगार कायम, काम काही नाही. अशांना इथं ‘मादोगिवा-झोकु’ म्हणतात, खिडकीकाठची जमात. मी नवखा, मला वाटलं किती छान जागा मिळालीये!

डिसेंबरच्या बोनेनकाईनंतर, म्हणजे ऑफिसच्या वर्षअखेरच्या पार्टीनंतर, निजिकाईला (दुसऱ्या बैठकीला) कराओके. साहेब कधी गात नसत. त्या रात्री त्यांनी रिमोट घेतला, पट्टी तीन घर खाली उतरवली आणि नाकाजिमा मियुकीचं ‘चिजो नो होशी’ लावलं. जमिनीवरचे तारे. एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या ‘प्रोजेक्ट एक्स’ या मालिकेचं हे शीर्षकगीत. कुठला पूल, कुठलं यंत्र बांधणाऱ्या, नाव नसलेल्या माणसांच्या गोष्टी असायच्या तिच्यात. गाणं आलं २००० मध्ये आणि विक्रीच्या यादीत पहिलं झालं थेट २००३ च्या जानेवारीत. कारण त्याआधीच्या ३१ डिसेंबरला एनएचकेच्या वर्षअखेरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात बाईंनी ते सभागृहात न गाता कुरोबे धरणाच्या वीजकेंद्राच्या बोगद्यातून गायलं. ते धरण बांधताना १७१ माणसं गेली. कडाक्याच्या थंडीत बाई शब्दही चुकल्या म्हणतात. तरी लोक दुसऱ्या दिवशी दुकानात.

साहेबांचा आवाज बेसूर. मशीननं ७१ गुण दिले. कुणीतरी हसलं, मग कुणीच हसलं नाही. त्यांनी ओशिबोरीची (हात पुसायच्या ओल्या रुमालाची) नीट चौकोनी घडी घातली, टेबलाच्या कडेला ठेवली आणि पुढच्याला माइक दिला.

निशी-कसाई, आई, वय ४५

मुलीच्या शाळेची समूहगान स्पर्धा. शाळेचं जिमखान्यासारखं सभागृह, पायांत पिशवीतून नेलेल्या आपल्याच सपाता, घडीच्या खुर्च्या. त्याच आठवड्यात माझं कंत्राट संपलंय असं मेलवर कळवलं होतं. घरी सांगितलं नव्हतं.

मुलांनी अँजेला आकीचं ‘तेगामी’ म्हटलं. पत्र. २००८ मध्ये एनएचकेच्या शालेय स्पर्धेत माध्यमिक शाळांना हेच गाणं होतं, तेव्हापासून शाळाशाळांत टिकलंय. पंधरा वर्षांचं पोर मोठ्या झालेल्या स्वतःला पत्र लिहितं. इथवर ठीक. पुढे मोठं माणूस उत्तर देतं आणि कबूल करतं की मोठ्यांनाही लागतं, त्यांच्याही रात्री झोपेविना जातात. आणि हे गातंय कोण? माझी पोरगी, आल्टोच्या, म्हणजे खालच्या आवाजाच्या मुलींच्या, दुसऱ्या रांगेत, मोजे घसरलेले. मी पर्समध्ये रुमाल शोधत राहिले, शेवटी सपातेच्या पिशवीनंच डोळे पुसले. घरी येताना तिला नोकरीचं सांगितलं. ती म्हणाली, ‘अगं मग आधी सांगायचं ना.’

नागोया, वय ५८

रंगाचा बेरंग करतो, माफ करा. मला ‘गाम्बात्ते’ (जोर लाव, हिंमत धर) ऐकून शिसारी येते. मी दोन वर्षं नैराश्याच्या गोळ्या घेतल्या. अशा माणसाला ‘गाम्बारे’ म्हणू नये, हे इथं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण गाण्यांना कोण सांगणार!

मला एकच चालतं, १९६१ चं ‘उए ओ मुइते आरुको’. एइ रोकुसुकेचे शब्द, साकामोतो क्यूचा आवाज. १९६३ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, ‘सुकीयाकी’ या नावानं. म्हणजे मांसाच्या रश्श्याचं नाव! गाण्याशी काडीचा संबंध नाही. हे गाणं मला काही करायला लावत नाही. डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून वर बघत चालू या, एवढंच. रडू थांबव असं म्हणत नाही. साकामोतो १९८५ च्या १२ ऑगस्टला विमान अपघातात गेला, त्रेचाळीस वर्षांचा.

ठाणे, वय ६१

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा योकोहामाच्या सुनेनं सुइझेंजी कियोकोचं १९६८ चं, कवायतीच्या चालीचं गाणं पाठवलं. तीन पावलं पुढे, दोन मागे. वॉकर घेऊन अगदी तस्संच चालत होते! फिजिओच्या मुलीला अर्थ सांगितला तर म्हणाली, काकू, दोन मागे नका हं जाऊ.

तोक्यो, आयटीवाला (परत)

नागोयाच्या काकांचं वाचून राहवलं नाही. त्या साहेबांना नंतर एकदा विचारलं, तुम्हाला त्या गाण्यानं बळ येतं का? म्हणाले, ‘छे. मला ते तेवढंच पाठ आहे.’ मार्चमध्ये निवृत्त झाले. खिडकीजवळच्या टेबलावर आता प्रिंटर आहे.