पावसात वेळेपेक्षा ब्रेक सांभाळा

रोज सायकल चालवायला वेळ कसा काढायचा असं विचारलं, की 'पहाटे पाचला उठलं की वेळ आपोआप निघतो' असं सांगतात, ते एकट्या जीवाला ठीक. आमच्याकडे साडेपाचला कुकर, सहाला डबे, पावणेसातला लेकीची स्कूलबस. शेवटी पहाटेचा नाद सोडला आणि कोथरूडहून शिवाजीनगरला ऑफिसलाच सायकलने जायला लागलो. सहा-सात किलोमीटर, गर्दीच्या वेळी स्कूटरपेक्षा पाच-सात मिनिटंच जास्त लागतात. वेगळा वेळ काढायचा प्रश्नच मिटला.

पावसात सायकल चालवायची तर रेनकोट, मडगार्ड हे सगळेच सांगतात, ब्रेकचं कुणीच नाही. रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेला, म्हणजे रिमला, दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे) असतील तर ओल्या रिमवर पहिल्या दाबाला ते जवळजवळ लागतच नाहीत. रबराने पाणी पुसलं गेलं की मग पकडतात. हे मला कर्वे रस्त्यावर सिग्नलला एका रिक्षाच्या पाठीला टेकल्यावर कळलं. (रिक्षावाले काका काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.) आता सिग्नल दिसला की लांबूनच ब्रेक हलके घासत जातो. चिखलातली बारीक वाळू रबरात रुतून रिम खाते, ती टाचणीने उकरून काढायची. आणि चेन घरी आल्या आल्या जुन्या बनियनने पुसून तेलाचे थेंब सोडायचे, नाहीतर सकाळी ती तांबूस झालेली असते.