'समरटाइम सॅडनेस'ला नाचाचा ठेका लावून त्यातलं दुःख घालवलं का?

नौपाड्याची ऋता:
काल झुंबाच्या क्लासला हे गाणं लावलं आणि माझे पायच थांबले. लाना डेल रेचं हे गाणं मूळ २०१२ मधलं, 'बॉर्न टू डाय' अल्बममधलं. संथ, जड. उन्हाळा सरतोय, माणूस जाणार आहे, आणि ती लाल ड्रेस घालून शेवटची रात्र जगून घेतेय. २०१३ मध्ये सेड्रिक जर्व्हे या फ्रेंच डीजेने त्याचं रीमिक्स केलं. तेच गाजलं, बिलबोर्ड हॉट १००मध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि २०१४ मध्ये रीमिक्सचं ग्रॅमीही घेऊन आलं. पण मूळ गाण्यात दोन शब्दांच्या मधे ती जी थांबते, तिथेच सगळं आहे. रीमिक्सने नेमकी तीच जागा बुजवली. ती निरोप घेतेय आणि आमची ट्रेनर ओरडतेय, "अजून चार!" मला हे सहन झालं नाही.

चेंदणीकर:
ताई, ठेका जलद झाला म्हणून दुःख हलकं होतं हे मला पटत नाही. आमच्या कोळीवाड्यात हळदीला बँजो लागतो. माझ्या बहिणीच्या हळदीत आई नाचत होती आणि हातातल्या रुमालाने मधेमधे डोळे पुसत होती. पाय एकदाही चुकला नाही. थांबली असती तर रडत खालीच बसली असती. रीमिक्समध्येही मधे ठेका थांबतो आणि तिचा आवाज जवळजवळ एकटाच उरतो. तेवढा भाग हेडफोन लावून ऐका, मग बोलू.

घोडबंदरवाला:
माझा प्रश्न वेगळा आहे. उन्हाळा आणि प्रेम? ज्यांच्याकडे सहा-सहा महिने थंडी, त्यांना उन्हाचं अप्रूप. इथे मे महिन्यात टँकरची वाट बघत प्रेम कोण करतंय? आपला विरह पावसातला. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीतही 'घनु वाजे घुणघुणा' आहे. ढग वाजल्याशिवाय आपल्याला कुणाची आठवण येत नाही. उसना ऋतू, उसनं दुःख. मग संथ काय आणि जलद काय.

दिवा-सावंतवाडी:
दादा, तुम्ही मे महिन्यात गावाला गेलेले दिसत नाही.
आम्ही शाळेचा निकाल लागला की दिव्याहून पॅसेंजर पकडायचो. शेजारच्या घरी तीही सुट्टीला यायची, पुण्याहून. माळ्यावर आंब्याची आढी लावलेली, गवताचा तो उबट वास, आणि आम्ही दोघं पिकलेले आंबे वेगळे काढतोय. आंबा दाबायचा नाही, नुसता हुंगायचा, हे तिने मला शिकवलं. पाच वर्षं एवढंच चाललं, बाकी काही नाही. मिरग जवळ आला की आजी आठळ्यांची पिशवी बांधून द्यायची. ती पिशवी दिसली की पोटात खड्डा पडायचा. सहाव्या वर्षी ती आलीच नाही.
पाऊस आला की आमचं संपायचं. त्यामुळे हे गाणं मला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. आणि मी आधी रीमिक्सच ऐकलं, परतीच्या गाडीत, मोबाइलवर. चाकांचा ठेका आणि गाण्याचा ठेका एक झाले होते. ऋताताई, ते संथ असतं तर मी रोह्याच्या पुढे ऐकूच शकलो नसतो.

घोडबंदरवाला:
आमचं गावच नाही हो कोकणात. आढीचं वाचलं आणि उन्हाळ्याबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. रीमिक्सबद्दल मात्र मी ऋताच्या बाजूने.

नौपाड्याची ऋता:
चेंदणीकर, ऐकलं. तो एकटा आवाज आहे, मान्य. पण तो येणाऱ्या बीटची तयारी म्हणून ठेवलाय, तिच्यासाठी नाही. तुमच्या आईच्या पायामागे तिची मुलगी होती, क्लासमध्ये आमच्या पायामागे फक्त कॅलरी होत्या. दिवावाल्या दादांच्या गाडीत ते गाणं खरं झालं असेल, त्याबद्दल वाद नाही. पण मला तिचं ते थांबणं हवंय.

चेंदणीकर:
मग तक्रार क्लासची आहे ताई, गाण्याची नाही.